पिवळी बदकं आणि आपला व्हाळ

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



भूगोलाच्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणून जरा जपूनच बोलते. बाई, तुम्ही आम्हाला जगाच्या नकाशात सागरी प्रवाह काढायला लावायचात. उष्ण प्रवाहाचा बाण लाल, शीत प्रवाहाचा निळा. कुरोशिओ, लॅब्राडोर, गल्फ स्ट्रीम मी घडाघडा पाठ केले, मार्कही पैकीच्या पैकी मिळाले. पण या बाणांवर एखादी वस्तू टाकली तर ती शेवटी जाते कुठे, हे मी कधी विचारलं नाही. तो प्रश्न तीस वर्षांनी पडला, आणि तोही पैशांच्या निमित्ताने.

तुम्हाला आठवत असेल, मार्चमध्ये आपल्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर दोन जहाजं मोठं जाळं ओढताहेत आणि त्यातून कचऱ्याचा डोंगर डेकवर पडतोय. खाली एकाने लिहिलं, ‘आपल्या तुकडीचा निधी अशाच कामाला देऊ या.’ पन्नासेक अंगठे उमटले. त्यातला तिसरा माझा होता. त्याच रात्री आपल्यातल्या एकाचा, जो आजही रापणीवर जातो त्याचा, एका ओळीचा मेसेज आला: ‘कचरो मधीच कसो काय जमता? आपल्याकडे तर सगळो किनाऱ्याक लागता.’

त्यावर कोणी काही बोललं नाही. मग कोणीतरी लिहिलं, ‘ती इंजिनिअर आहे, तिला विचारा.’ मी सॉफ्टवेअरची इंजिनिअर. समुद्राशी माझा संबंध सुट्टीत पाय बुडवण्यापुरता. पण प्रश्न इतका सरळ होता की तो टाळता येईना. गेले दोन महिने रात्री जेवणं आटोपल्यावर मी हेच वाचत होते. त्यातलं जे समजलं ते सांगते.

सुरुवात बदकांपासून करू. १० जानेवारी १९९२ ला हाँगकाँगहून अमेरिकेतल्या टॅकोमाला निघालेलं एक मालवाहू जहाज उत्तर पॅसिफिकच्या मध्यावर वादळात सापडलं आणि त्याचे बारा कंटेनर समुद्रात पडले. एका कंटेनरमध्ये मुलांना आंघोळीच्या वेळी खेळायला देतात तसली २८,८०० प्लास्टिकची खेळणी होती: पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं आणि लाल बीव्हर. कंटेनर फुटला, पुठ्ठ्याची वेष्टनं भिजून सुटली आणि सगळी फौज पाण्यावर आली. या खेळण्यांना खाली भोक नव्हतं, त्यामुळे आत पाणी शिरून ती बुडायचा प्रश्नच नव्हता.

दहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, सुमारे ३,२०० किलोमीटरवर अलास्कातल्या सिटका गावच्या किनाऱ्यावर ती लोकांना सापडायला लागली. सिएटलचे समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एबसमायर यांच्या कानावर हे गेलं. किनाऱ्यावर फिरून वस्तू गोळा करणाऱ्या हौशी लोकांचं त्यांनी जाळंच उभं केलं होतं. कोणाला काय, कुठे, कधी सापडलं हे ते टिपून ठेवत. त्यांचे सहकारी जेम्स इंग्रॅहम यांच्याकडे एक संगणक प्रोग्रॅम होता. समुद्रावरच्या हवेच्या दाबाच्या नोंदींवरून वारा काढायचा, वाऱ्यावरून पृष्ठभागाच्या पाण्याचा वेग काढायचा, आणि एखादी तरंगती वस्तू रोज कुठे सरकेल ते मांडत जायचं. वस्तू कुठे पडली, हे जहाजामुळे नेमकं ठाऊक होतं. कुठे लागली, ते लोक सांगत होते. आमच्या धंद्यात इतका स्वच्छ टेस्ट डेटा नशिबानेच मिळतो.

खेळण्यांचा हिशोब जुळला. त्यातली बरीच अलास्काच्या बाजूने उत्तर पॅसिफिकच्या वरच्या भागात गोल फिरत राहिली. एक फेरी साधारण तीन वर्षांची. दर फेरीला काही किनाऱ्याला लागायची, बाकीची पुढे जायची.

इथे आपल्या रापणवाल्याचा प्रश्न पुन्हा येतो. ही खेळणी तर किनाऱ्याला लागत होती. मग मध्यावर कचरा जमतो तो कुठला?

याचं उत्तर एका बर्फात अडकलेल्या जहाजात आहे. नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८९३ मध्ये ‘फ्राम’ नावाचं जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात अडकवलं आणि ते तीन वर्षं बर्फाबरोबर वाहू दिलं. वाहताना त्यांच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, उजवीकडे कलून जातो. पुढे वाग्न एकमान या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. पृथ्वी फिरते, म्हणून उत्तर गोलार्धात वाहती गोष्ट उजवीकडे वळते. वारा वरच्या थराला ढकलतो, तो थर उजवीकडे वळतो. तो खालच्या थराला ओढतो, तो आणखी थोडा उजवीकडे वळतो. असे वरचे पन्नास-शंभर मीटर एकत्र धरले, तर सगळं मिळून पाणी वाऱ्याच्या चक्क काटकोनात उजवीकडे सरकतं.

आता बाईंचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तर पॅसिफिकमध्ये दक्षिणेच्या बाजूला व्यापारी वारे वाहतात, पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्यांची उजवी बाजू उत्तर, म्हणजे पाणी उत्तरेला सरकतं. त्याच्या वर पश्चिमी वारे, पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्यांची उजवी बाजू दक्षिण, म्हणजे पाणी दक्षिणेला सरकतं. दोन्हीकडून पाणी मध्ये, साधारण ३० अंश अक्षवृत्ताच्या आसपास, येऊन भेटतं. तिथे समुद्राची पातळी बाजूच्यापेक्षा मीटरभर उंच असते. हजारो किलोमीटर रुंद आणि मीटरभर उंच अशी ही टेकडी बोटीतून कोणाला दिसत नाही, उपग्रहाला दिसते.

साठलेलं पाणी जाणार कुठे? काही उताराकडे निघतं, पण तेही उजवीकडे वळतं आणि टेकडीभोवती गोल फिरत राहतं. हेच ते चक्र. आणि थोडं पाणी सरळ खाली बसतं. किती वेगाने? वर्षाला काही दशक मीटर, म्हणजे दिवसाला काही सेंटिमीटर. बस्स, एवढंच. लोक ‘भोवरा’ म्हणतात, म्हणून आपल्याला वाटतं की घूं घूं आवाज करत कचरा आत ओढला जात असेल. मलाही तसंच वाटायचं. चहा ढवळला की पत्ती मध्ये जमते, तसं मी माझ्या मुलाला समजावलंही होतं. ते चूक होतं. मोरीच्या जाळीचं उदाहरण बरोबर आहे. पाणी खाली जातं आणि भाताची शितं जाळीवर राहतात. समुद्रात जाळी नाही, पण पिशवीचं पॉलिथिन आणि बाटलीच्या झाकणाचं पॉलिप्रोपिलिन पाण्यापेक्षा हलकं असतं. पाणी खाली जातं, त्यांना जाता येत नाही. दिवसाला काही सेंटिमीटर, पण वर्षानुवर्षं, न थांबता.

बदकं होती ती याच्या उत्तरेच्या चक्रात. तिथे वाऱ्यांची मांडणी उलटी पडते, चक्र उलटं फिरतं, मध्यावर पाणी खालून वर येतं आणि बाहेर पसरतं. म्हणून ते चक्र वस्तू कडेला फेकतं. एकाच महासागरात शेजारी शेजारी दोन चक्रं, एक गोळा करणारं, एक फेकणारं.

गोळा करणारी अशी पाच चक्रं जगात आहेत: पॅसिफिकमध्ये दोन, अटलांटिकमध्ये दोन आणि दक्षिण हिंदी महासागरात एक. अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रात पाण्यावर प्लास्टिकचे कण सापडतात, हे १९७२ मध्येच छापून आलं होतं. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९९७ मध्ये चार्ल्स मूर नावाचे एक अमेरिकन कॅप्टन हवाईतली शर्यत संपवून घरी परतताना, शिडाची जहाजं सहसा टाळतात अशा वाऱ्याविनाच्या पट्ट्यातून गेले आणि रोज डेकवर उभं राहिलं की त्यांना प्लास्टिक दिसत राहिलं. तिथून ‘पॅसिफिकमधला कचऱ्याचा पट्टा’ गाजला.

आणि गाजता गाजता त्याचं बेट झालं. आपल्या ग्रुपवरही एकाने लिहिलंच होतं, ‘त्यावर म्हणे चालता येतं.’ तर हिशोब करू या, पाढे विसरला नसाल तर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे हा पट्टा १६ लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. त्यात प्लास्टिक किमान ७९ हजार टन. आकडा भीतीदायक आहे. पण भागाकार करा: एका चौरस मीटरला साधारण ५० मिलिग्रॅम. तापाची ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्या आणि तिचा दहावा भाग एका फरशीवर ठेवा, तेवढं. तुकडे मोजले तर चौरस मीटरला साधारण एक, आणि त्यातले बहुतेक तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक. वजनात मात्र जवळजवळ निम्मा वाटा एकाच वस्तूचा: मासेमारीची जाळी. व्हिडिओतला तो डोंगर खरा आहे, पण त्यासाठी किती समुद्र गाळावा लागला ते व्हिडिओत दिसत नाही.

आता आपला समुद्र. पॅसिफिकला उत्तरेकडे पसरायला जागा आहे. आपल्या समुद्राच्या डोक्यावर आशिया खंड बसलंय. वाराही बाराही महिने एका दिशेचा नाही. नैऋत्य मोसमी वारे चार महिने एका बाजूने, ईशान्य मोसमी वारे हिवाळ्यात उलट्या बाजूने. आपल्या किनाऱ्याजवळचा प्रवाहसुद्धा पावसाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. बाईंच्या नकाशात हिंदी महासागराचे दोन वेगळे नकाशे का काढावे लागायचे, ते मला आत्ता कळलं. तेव्हा वाटायचं, एकच धडा दोनदा लिहायला लावताहेत. तर अशा समुद्रात वर्षानुवर्षं एका जागी टिकणारी पाण्याची टेकडी होत नाही. साठायला जागा तयार होते न होते, तोच वारा फिरतो.

मी घरच्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. उपग्रहांच्या मोजमापांवरून काढलेले पृष्ठप्रवाहांचे आकडे फुकट मिळतात. ते घेतले, आपल्या किनाऱ्यासमोर काही हजार ठिपके सोडले आणि रोज पुढे सरकवले. खेळण्यातलाच प्रयोग, त्यात लाटा धड नाहीत, भरती-ओहोटी तर नाहीच. तरी पाहताना माझी झोप उडाली. पॅसिफिकमध्ये सोडलेले ठिपके वर्षानुवर्षं गोल फिरत मध्ये दाटत गेले. आपल्याकडचे पावसाळ्यात एकेक करून किनाऱ्याला चिकटले. कोणी आपल्याच, कोणी केरळच्या, थोडे भलतीकडेच गेले. समुद्राच्या मध्ये जवळजवळ काही उरलं नाही. माझ्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवू नका. पण ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी हेच काम नीट करून २०२० मध्ये प्रसिद्ध केलं आहे आणि त्यांचाही सूर असाच आहे: उत्तर हिंदी महासागरात पडलेलं तरंगतं प्लास्टिक बहुतांशी किनाऱ्यांनाच लागतं. लागलेलं किती पुन्हा पाण्यात जातं, यावर आकडे बदलतात. दिशा बदलत नाही.

दक्षिण हिंदी महासागराची गोष्ट निराळी. तिथे चक्र आहे. मलेशियाचं बेपत्ता विमान आठवतंय? ८ मार्च २०१४ ला गेलं, आणि २९ जुलै २०१५ ला त्याच्या पंखाचा तुकडा पार पश्चिमेला रियुनियन बेटावर लागला. शास्त्रज्ञांनी प्रवाह उलटे चालवून तो कुठून निघाला असेल ते शोधायचा प्रयत्न केला. बदकांचंच गणित, पण घरी वाट पाहणाऱ्या माणसांसाठी केलेलं. याच महासागरात कोकोस बेटं आहेत, जेमतेम सहाशे लोकवस्तीची. २०१७ मध्ये तिथल्या किनाऱ्यांची पाहणी झाली. अंदाज निघाला २३८ टन प्लास्टिकचा, त्यात सुमारे ९ लाख ७७ हजार चपला-बूट आणि ३ लाख ७३ हजार टूथब्रश. सहाशे माणसांनी एवढे दात घासायला किती वर्षं लागतील, ते तुम्हीच काढा.

आणखी एक हिशोब मला छळतो. २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन, असा २०१५ मध्ये आलेला अंदाज आहे. आणि जगातल्या सगळ्या समुद्रांवर मिळून तरंगणारं किती? २०१४ च्या अंदाजाप्रमाणे सुमारे २ लाख ६९ हजार टन. म्हणजे एका वर्षात जातं त्याचा, अगदी कमीतला आकडा धरला तरी, अठरावा हिस्सा. बाकीचं कुठे गेलं? काही जड असतं, तळाला बसतं. काहींवर शेवाळ आणि शिंपले चढतात आणि ते बुडतं. काहींचा भुगा होतो. आणि पुष्कळसं जिथून गेलं तिथल्याच आसपासच्या किनाऱ्यावर येऊन पडतं, वाळूत गाडलं जातं, पुन्हा उधाणाला उकरून निघतं. मध्यावरचा पट्टा ही गाजलेली जागा; पण निघालेल्या मालातला तिथवर पोहोचतो तो थोडाच.

आपण लहान असताना पहिल्या पावसानंतर पुळणीवर धावायचो, आठवतंय? ओंडके, नारळ, परक्या लिपीतल्या बाटल्या. पायाला डांबराचे गोळे चिकटायचे आणि घरी आई रॉकेलने पाय घासायची, तोंडाने पट्टा चालूच. ते डांबर जहाजांच्या तेलाचं, आणि त्याला आपल्यापर्यंत आणणारा वारा तोच. परवा मी त्याच पुळणीवर गेले. भरतीच्या रेषेवर ओंडके कमी, थर्माकोल आणि गुटख्याच्या पुड्या जास्त. परक्या लिपीत काही दिसलं नाही. दिसली ती आपल्याच बाजारातल्या दुकानाच्या नावाची पिशवी. दुकानाचं नाव सांगत नाही, मालक इथेच बसलेत.

तर निधीबद्दल माझं मत बदललंय. तो अंगठा मी मागे घेते. पॅसिफिकमधलं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. सोडून दिलेली जाळी कासवांना मारतात, ती कोणीतरी काढलीच पाहिजेत. पण आपण आणि तो पट्टा यांच्यामध्ये प्रवाहाचा बाणच नाही. आपला बाण बाजारामागच्या व्हाळातून निघतो, खाडीत जातो, आणि आषाढात वळून पुळणीवर येतो.

मी आणि आपला रापणवाला मित्र, आम्ही एक कच्चा आराखडा केलाय. त्याने तर मला सुरुवातीलाच थांबवलं. मी साकवाखाली आडवं जाळं लावायचं म्हणत होते. तो म्हणाला, ‘पहिल्याच झडीक तुंबतला आणि पाणी बाजारात शिरतला. मग लोक जाळ्यासकट तुका काढतले.’ म्हणून जाळं नाही. बंद पिंप एकमेकांना बांधून पाण्यावर तरंगणारा अडसर, काठाशी तिरका. पाणी त्याच्या खालून जाईल, तरंगणारं वर अडेल आणि तिरकेपणामुळे घसरत एका काठाला जमेल. पाणी खाली आणि हलकं वर, समुद्रात होतं तेच. खालून जाणाऱ्या भिजलेल्या पिशव्या यात सापडणार नाहीत, हे आधीच सांगते. मोठ्या पुरात अडसर सोडून द्यावा लागेल, तेव्हाचं सगळं जाईल.

खरा खर्च पिंपांचा नाही. जून ते सप्टेंबर रोज सकाळी काठाला जमलेलं काढायला दोन माणसं लागतील, त्यांची मजुरी हा खर्च मोठा आहे आणि तो दरवर्षीचा आहे. निधी दोन पावसाळे पुरेल, तिसऱ्याला पुरणार नाही. काढलेला कचरा ठेवायचा कुठे, याचं उत्तर ग्रामपंचायतीकडून अजून आलेलं नाही. आपल्यातले दोघं सदस्य आहेत. त्यांनी आज जेवताना माझ्यापासून लांब बसू नये.

पावसाला तीन आठवडे आहेत. उद्या सकाळी सातला ओहोटी असेल. आम्ही दोघं साकवावर फीत घेऊन जातोय, व्हाळाची रुंदी तीन ठिकाणी मोजायची आहे. फीत धरायला तिसरं माणूस लागेल. पायात जुन्या चपला घाला, चिखल आहे.